ग्रिझलीच्या जंगलात कोणती हॅन्डगन न्यावी: कॅलिबर सगळ्यात शेवटी ठरवा

मोंटाना, वायोमिंग किंवा अलास्काच्या जंगलात तंबू पाठीवर टाकून चार-सहा दिवस जायचा बेत ठरला, की अमेरिकेतल्या मराठी ट्रेकर मंडळींच्या ग्रुपवर प्रश्न येतोच: अस्वलासाठी कुठली गन घ्यायची? मग .४४ मॅग्नम बरी की १० मिमी, यावर रात्रभर वाद रंगतो. मला हा क्रमच चुकीचा वाटतो. आधी कायदा बघा, मग बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा) घ्या, मग हत्यार अंगावर कुठे राहणार ते ठरवा, मग ते आपल्या हाताला झेपतं का ते तपासा. एवढं झालं की कॅलिबरचा, म्हणजे गोळीच्या मापाचा, प्रश्न बहुतेक सुटलेला असतो.

हा क्रम धरण्याचं कारण आहे वेळ. ग्रिझली अस्वल ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास वेगाने धावतं, म्हणजे सेकंदाला सुमारे १५ मीटर. तीस मीटरवरच्या झुडपातून निघालेलं अस्वल दोन सेकंदांत तुमच्यापाशी असतं, आणि ओढ्याकाठच्या दाटीत किंवा वाटेच्या वळणावर गाठ पडते ती बरेचदा याहूनही जवळून. तेवढ्यात प्राणी ओळखायचा, हात घालायचा, हत्यार काढायचं, नेम धरायचा आणि चाप ओढायचा. या दोन सेकंदांत जे हत्यार चालवता येत नाही, त्याची ताकद कागदावरच राहते.

पहिली पायरी: तुम्हाला बंदूक बाळगता येते का?

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे. एच-१बी, एच-४, एफ-१ किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने बंदूकच काय, काडतूससुद्धा बाळगता येत नाही. काही अपवाद आहेत. त्यातला नेहमी सांगितला जाणारा म्हणजे तिथल्या एखाद्या राज्याचा वैध, मुदत न संपलेला शिकार परवाना. पण राज्याचे नियम त्याहून कडक असू शकतात, आणि चूक झाली तर गंभीर फौजदारी गुन्ह्याबरोबर इमिग्रेशनचंही सगळं धोक्यात येतं. तेव्हा नेटवर वाचून नव्हे, वकिलाला विचारूनच या वाटेला जा. ग्रुपमध्ये कुणी एच-१बी वर असेल तर त्याच्या हातात आपलं पिस्तूल "जरा धर" म्हणून देऊ नका. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना हा अडथळा नाही.

परवानाधारक दुकानातून हॅन्डगन घ्यायला वय २१ पूर्ण लागतं, फॉर्म भरावा लागतो, पार्श्वभूमीची तपासणी होते. आणि हॅन्डगन आपण राहतो त्याच राज्यातल्या दुकानातून ताब्यात घ्यावी लागते. म्हणजे अँकरेजला उतरून तिथे विकत घेऊ, हा बेत चालत नाही. कॅलिफोर्नियात खरेदीनंतर दहा दिवस थांबावं लागतं. न्यू जर्सीत आधी पोलिसांकडून खरेदीचा परमिट काढावा लागतो. त्यात पुढे सरावाचे महिने धरायचे. जुलैच्या ट्रिपसाठी जूनमध्ये खरेदी करणाऱ्याने त्या वर्षी गन न नेलेलीच बरी.

विमानाने नेताना गन रिकामी, कुलूपबंद कडक पेटीत, चेक-इन सामानात, आणि काउंटरवर तोंडी सांगून. काडतुसं त्यांच्या खोक्यात. कॅनडामार्गे विमान किंवा गाडी, दोन्ही टाळा. सिॲटलहून गाडीने अलास्काला जायचं असेल तर हॅन्डगन घरी ठेवा, कारण कॅनडाच्या सीमेवर ती जप्त होणं ही किरकोळ शिक्षा ठरेल. बेअर स्प्रे मात्र विमानात कुठेच चालत नाही, केबिनमध्येही नाही आणि सामानातही नाही. तो तिथे पोचल्यावर घ्यायचा.

नॅशनल पार्कात २२ फेब्रुवारी २०१० पासून त्या त्या राज्याच्या कायद्यानुसार बंदूक जवळ बाळगता येते. व्हिजिटर सेंटरसारख्या सरकारी इमारतींत नाही. आणि बाळगणं वेगळं, झाडणं वेगळं: पार्कात गोळी झाडायला अजूनही बंदी आहे, त्यामुळे स्वसंरक्षणात झाडली तरी चौकशी होणारच. अलास्का वगळता खालच्या ४८ राज्यांत ग्रिझली १९७५ पासून संरक्षित आहे. जिवावर बेतलं तरच मारता येतं, आणि ते तातडीने कळवावं लागतं. अलास्कात तर मारलेल्या अस्वलाचं कातडं नख्यांसकट सोलून, कवटीसह सरकारजमा करण्याचं कामही तुमचंच.

भारतातल्या वाचकांसाठी एकच वाक्य: हा लेख ताडोबा किंवा मेळघाटासाठी नाही, तिथे पर्यटकाने बंदूक नेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

दुसरी पायरी: स्प्रे आधी

अलास्कातल्या घटनांवर अस्वलांचे अभ्यासक टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे दोन अभ्यास आहेत आणि गन घ्यायच्या आधी प्रत्येकाने ते समजून घ्यावेत. पहिल्यात १९८५ ते २००६ मधल्या स्प्रेच्या ८३ घटना आहेत. तपकिरी अस्वलांवर (ग्रिझली त्यांच्यातलंच) स्प्रे ९२ टक्के वेळा लागू पडला, आणि जवळून गाठ पडून स्प्रे वापरलेल्यांपैकी ९८ टक्के माणसांना इजा झाली नाही. दुसऱ्यात १८८३ ते २००९ मधल्या बंदुकींच्या २६९ घटना आहेत. हॅन्डगनने अस्वल थांबल्याचं प्रमाण ८४ टक्के, लांब नळीच्या बंदुकांचं ७६. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी, की ज्यांनी बंदूक झाडली आणि ज्यांच्याकडे असूनही झाडली गेली नाही, त्यांच्या इजांमध्ये फरक दिसला नाही.

दोन्ही अभ्यासांतल्या घटना एकाच जातीच्या नाहीत, म्हणून आकडे शेजारी ठेवून "स्प्रे जिंकला" असं म्हणणं घाईचं होईल. तरी स्प्रेचा ढग पसरतो, त्याला अचूक नेम लागत नाही, आणि थरथरत्या हाताच्या माणसासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. डबा घेताना किमान २२५ ग्रॅम वजन, साडेसात मीटर पल्ला आणि सहा सेकंद फवारा एवढं बघा. तारीख तपासा. सरावासाठी मिरचीविना डबे मिळतात, ते घेऊन मोकळ्या जागी एकदा तरी फवारून बघा. काही जण डासांच्या औषधासारखा तो तंबूवर मारून ठेवतात. तसं करू नका, वाळलेल्या फवाऱ्याचा वास उलट अस्वलाला खेचू शकतो. योसेमिटीत मात्र स्प्रेवरच बंदी आहे. तिथे फक्त काळी अस्वलं आहेत, अन्न अस्वल-पेटीत बंद ठेवलंत की झालं.

मग गन कुणाला लागते? शिकार करून मांस सोलत बसणाऱ्यांना, सामन माशांच्या ओढ्यांवर दिवस काढणाऱ्यांना, दुर्गम भागात काम करणाऱ्यांना. वारा तोंडावर असेल किंवा धो धो पाऊस असेल तेव्हा स्प्रेची मर्यादा उघडी पडते, तिथे दुसरा पर्याय हाताशी असावा. पण ज्याने आयुष्यात कधी गोळी झाडली नाही आणि ज्याची ट्रिप दोन महिन्यांवर आहे, त्याने दोन डबे स्प्रे घ्यावेत आणि निश्चिंत जावं. हे माझं ठाम मत आहे.

तिसरी पायरी: समोर कोण येणार आहे?

नकाशा उघडून बघा. कोलोरॅडो, ॲपलाचियन ट्रेल, कॅलिफोर्निया इथे ग्रिझली नाहीत. काळं अस्वल आणि माउंटन लायन (प्यूमा), एवढाच विषय, आणि दोघंही बहुतेक वेळा आवाज ऐकूनच निघून जातात. यलोस्टोन, ग्लेशियर आणि त्यांच्या आसपासच्या जंगलांत ग्रिझली आहे. अलास्काच्या किनाऱ्यावर, कॅटमाई किंवा कोडियाकमध्ये, सामन खाऊन पोसलेले नर साडेचारशे किलोंच्याही वर जातात. अलास्कात मूसही (हरणाच्या कुळातला अवाढव्य प्राणी) विसरू नका, अस्वलांपेक्षा जास्त माणसं ती जखमी करते. तिच्यासमोरून पळणं योग्य, जाड झाडामागे जा. अस्वलासमोर मात्र पळायचं नाही.

चौथी पायरी: होल्स्टर, आणि तेही छातीवर

होल्स्टर, म्हणजे बंदूक ठेवायचं म्यान, गनच्या आधी ठरवायला सांगतो तेव्हा लोकांना विचित्र वाटतं. पण मोठी रकसॅक चढवून बघा: कमरपट्टा बरोब्बर तिथेच येतो जिथे कमरेचं होल्स्टर असतं. एक तर पिस्तूल पट्ट्याखाली दबतं, नाहीतर पट्टा सैल सोडावा लागतो आणि खांदे तुटतात. म्हणून अलास्कातले गाईड छातीवर तिरकं बांधलेलं होल्स्टर वापरतात. रकसॅकचे पट्टे त्याच्या बाजूने जातात, वेडर (मासेमारीचा जलरोधक पोशाख) घालून कमरेइतक्या पाण्यात उभं असतानाही ते कोरडं राहतं, तंबूत सरपटताना हाताशी असतं, आणि पाठीवर पडलात तरी मूठ तिथेच सापडते.

२०१८ च्या सप्टेंबरमध्ये वायोमिंगच्या टीटन वाइल्डरनेसमध्ये एक शिकारी गाईड एल्क (मोठ्या जातीचं हरीण) सोलत असताना ग्रिझलीच्या हल्ल्यात मारला गेला. त्याचं १० मिमी पिस्तूल अंगावर नव्हतं, थोड्या अंतरावर सामानापाशी ठेवलेलं होतं. सोबतच्या ग्राहकाने ते उचललं, पण त्याला चालवता आलं नाही. यातून दोन नियम घ्या. हत्यार रकसॅकमध्ये किंवा झाडाला टेकवून नाही, अंगावरच. आणि ते कसं चालतं हे सोबतच्या प्रत्येक कायदेशीर पात्र माणसाला निघण्याआधी दाखवलेलं, हाताळायला दिलेलं असावं.

होल्स्टर निवडताना चाप पूर्ण झाकणारं, कडक साच्याचं घ्या, कारण जंगलात चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या खोबणीत) गोळी भरलेलीच ठेवावी लागणार. मग घरी रिकाम्या गनने, पण भरलेल्या रकसॅकसह, रेनकोट चढवून, हातमोजे घालून काढून बघा. जॅकेटची चेन मुठीवर येते का? छातीवरची रकसॅकची क्लिप आड येते का? माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त त्रास देते ती हीच क्लिप. ती दोन बोटं खाली सरकवली की बहुतेक वेळा काम होतं.

पाचवी पायरी: रिव्हॉल्व्हर की पिस्तूल

रिव्हॉल्व्हरची, म्हणजे फिरत्या सिलिंडरमध्ये गोळ्या भरायच्या बंदुकीची, मोठी जमेची बाजू म्हणजे गोळी दगा देऊन फुटली नाही तर फक्त चाप पुन्हा ओढायचा. शिवाय अस्वल अंगावर असताना नळी त्याच्या शरीराला टेकवून झाडता येतं. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाची नळी दाबली गेली तर स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे सरकते आणि गोळी सुटत नाही. मनगट सैल पडलं तरी पिस्तूल अडकू शकतं, आणि जमिनीवर पडून एका हाताने झाडताना मनगट सैल पडणारच.

पिस्तुलाच्या बाजूनेही तितकंच वजनदार बोलता येतं. ग्लॉक २० मध्ये १५ गोळ्या मावतात, रिकामं वजन पाऊण किलोच्या थोडं वर, झटका सौम्य, त्यामुळे दुसरी आणि तिसरी गोळी पटकन लागू शकते. ईशान्य ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या स्लेजवर गस्त घालणारी डेन्मार्कची सिरियस तुकडी ध्रुवीय अस्वलांच्या मुलखात हेच पिस्तूल बाळगते. सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरला धावत्या अस्वलासमोर पुन्हा भरायला वेळ मिळेल, ही कल्पना सोडूनच द्या.

ज्याचा सराव आधीपासून पिस्तुलावर आहे त्याने पिस्तूलच घ्यावं. नवख्याने, ज्याला वर्षातून मोजक्या वेळा रेंजवर जाता येणार आहे, त्याने रिव्हॉल्व्हर घ्यावं, कारण विसरण्यासारख्या कळा त्यात कमी आहेत.

सहावी पायरी: आता कॅलिबर

९ मिमीने ग्रिझली मारल्याची उदाहरणं आहेत. २०१६ साली अलास्कातल्या एका मुरलेल्या गाईडने चाल करून आलेलं तपकिरी अस्वल ९ मिमीने थांबवलं. पण तो आयुष्यभर अस्वलांमध्ये वावरलेला माणूस, आणि गोळ्याही खास खोल घुसणाऱ्या. त्यावरून आपली निवड करू नये.

काळं अस्वल आणि माउंटन लायनच्या भागात .३५७ मॅग्नम पुष्कळ झालं. ग्रिझलीसाठी खरी निवड १० मिमी आणि .४४ मॅग्नम यांच्यातच आहे. जड गोळीच्या १० मिमी काडतुसाची ऊर्जा साधारण ८५० ज्यूल, .४४ ची १३०० च्या आसपास. त्यावर .४५४ कसूल आणि .५०० स्मिथ अँड वेसन येतात. ऊर्जा दुपटीने वाढते आणि तितकाच झटकाही. चार इंची नळीचं .५०० रिव्हॉल्व्हर रिकामंच दीड किलोच्या वर भरतं, आणि पहिल्या गोळीनंतर नळी आभाळाकडे जाते. ज्यांचा हात त्यावर बसला आहे अशी माणसं आहेत, पण फार थोडी.

उलट टोकाला हलकी मॅग्नम आहेत. स्मिथ अँड वेसनचं ३२९ पीडी हे .४४ चं रिव्हॉल्व्हर जेमतेम ७१० ग्रॅमचं. दिवसभर छातीवर जाणवतही नाही, पण पूर्ण ताकदीच्या गोळ्यांनी तळहात असा झिणझिणतो की सरावच नको वाटतो. सराव टाळायला लावणारी गन घेऊ नका. ६२९ सारखं स्टीलचं, चार इंची, सव्वा किलोच्या आतबाहेरचं रिव्हॉल्व्हर मला सगळ्यात समतोल वाटतं, आणि मी स्वतः तेच बांधतो.

विकत घेण्याआधी रेंजवर भाड्याने घेऊन ही परीक्षा द्या. सात मीटरवर कागदी ताटली लावा. पूर्ण ताकदीच्या गोळ्या भरा. बंदूक दोन्ही हातांत, नळी खाली झुकवून उभे राहा, इशारा झाला की पाच गोळ्या झाडा. पहिली गोळी दोन सेकंदांत, पाचही ताटलीत. मग तीन गोळ्या फक्त उजव्या हाताने, तीन फक्त डाव्या. ज्या कॅलिबरने हे जमतं त्यातलं सगळ्यात मोठं तुमचं. .४४ ने जमलं नाही आणि १० मिमीने जमलं, तर १० मिमी. विषय संपला.

सातवी पायरी: गोळी

माणसापासून बचावासाठी विकली जाणारी पोकळ टोकाची गोळी इथे चुकीची. ती शरीरात शिरताच पसरते आणि थांबते. अस्वलाची जाड कातडी, चरबी, खांद्याचे स्नायू आणि हाड पार करून आत पोचायचं तर कठीण शिशाची, सपाट टोकाची, जड गोळी हवी, किंवा अखंड तांब्याची. १० मिमीसाठी २०० ते २२० ग्रेन (गोळीचं वजन मोजायचं माप), .४४ साठी २४० ते ३०० ग्रेन. ग्लॉकच्या कारखान्याच्या नळीत उघड्या शिशाच्या गोळ्या वापरू नयेत असं कंपनीच सांगते, कारण शिसं साचत गेलं की दाब वाढतो. पॉलिमरचं आवरण असलेल्या किंवा तांब्याच्या गोळ्या घ्या.

हलक्या मॅग्नम रिव्हॉल्व्हरमध्ये आणखी एक धोका असतो जो दुकानदार सहसा सांगत नाही. झटक्याने बाकीच्या काडतुसांमधल्या गोळ्या हळूहळू पुढे सरकतात. एखादी इतकी सरकते की सिलिंडरच्या तोंडाबाहेर डोकावते आणि सिलिंडर फिरायचंच थांबतं. तपासायला सहा गोळ्या घ्या, एकीवर मार्करने खूण करा, कॅलिपरने तिची लांबी मोजा. बाकी पाच झाडा, खुणेची बाहेर काढून पुन्हा मोजा. लांबी वाढली असेल तर त्या कंपनीचं ते काडतूस तुमच्या रिव्हॉल्व्हरसाठी बाद. परीक्षेला वापरलेलं काडतूस जंगलात नेऊ नका.

या गोळ्या महाग असतात. रोजच्या सरावाला साध्या गोळ्या वापरा, .४४ मॅग्नममध्ये .४४ स्पेशल चालतात. पण प्रत्येक फेरीचा शेवट ज्या गोळ्या जंगलात नेणार त्यांनीच करा.

आठवी पायरी: सराव

घरी रिकाम्या गनने, दुसऱ्या खोलीत काडतुसं ठेवून, रोज दहा मिनिटं काढण्याचा आणि चाप ओढण्याचा सराव. रेंज परवानगी देत असेल तर छोट्या घसरगाडीवर पुठ्ठ्याचं लक्ष्य लावून लांब दोरीने आपल्या दिशेने ओढवा, म्हणजे धावतं लक्ष्य किती लवकर मोठं होत जातं ते कळतं. दोरी ओढणारा नेहमी तुमच्या मागे, नळीच्या रेषेबाहेर हवा. सरावात कान झाका. आखूड नळीच्या मॅग्नमचा आवाज कायमची इजा करतो.

नेम कुठे धरायचा? समोरून येणाऱ्या अस्वलाचं कपाळ दिसतं त्यापेक्षा मेंदू खाली असतो, म्हणून नाकाच्या वरच्या भागावर, डोळ्यांच्या किंचित खाली. बाजूने असेल तर पुढच्या खांद्यावर, हाड मोडेल असं. सोबत्याच्या अंगावर अस्वल असेल तर जवळ जाऊन अशा कोनातून झाडा की आरपार गेलेली गोळी त्याला लागणार नाही.

आणि कधी झाडायचं? डोकं आणि कान वर करून येणारं अस्वल बहुधा हूल देत असतं, ते अर्ध्यात थांबतं. डोकं खाली, कान मागे पाडून सरळ येणारं थांबेलच असं नाही. स्प्रे आधी. स्प्रेच्या ढगातूनही ते पुढे आलं, तर गोळी, आणि ते थांबेपर्यंत थांबू नका. इशाऱ्याची गोळी हवेत झाडून सहातली एक घालवण्यात मला अर्थ दिसत नाही.

अस्वल पडलं तरी जवळ जाऊ नका. आधी बंदूक पुन्हा भरा, सोबत्याला घेऊन वाऱ्याच्या उलट बाजूने मोकळ्या जागी मागे सरा, आसपास पिल्लं किंवा दुसरं अस्वल आहे का बघा. मग सॅटेलाइट मेसेंजरवरून ठिकाण, जखमींची संख्या आणि अस्वल मेलं की जखमी होऊन पळालं, एवढं कळवा. जखमी होऊन पळालं असेल तर त्या वाटेवरून येणाऱ्या पुढच्या माणसाला धोका आहे, म्हणून ही शेवटची माहिती कितीही दमलात तरी चुकवू नका.